मुलांना बोंडअळीचा पतंग दाखवण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

शहरातली मुले राज्य फुलपाखरू पाहायला सहलीला जातात. दोंडाईच्याच्या पालकांनी त्या खर्चात पडू नये. आपल्याकडे शेंदरी बोंडअळीचा पतंग आहे आणि तो न बोलावता येतो. घराणेही जुने: सॉन्डर्स या कीटकशास्त्रज्ञाने १८४३ मध्ये त्याचे वर्णन केले ते भरूचच्या कापसावरून, म्हणजे सुरतेच्या पलीकडचाच पाहुणा.

मुलाला भरदुपारी नेऊ नये. पतंग रात्री हिंडतो, दिवसा पाचोळ्यात आणि मातीच्या भेगांत दडतो. त्यापेक्षा सकाळी कामगंध सापळा उघडावा. त्यातल्या ल्युरला मादीचा वास असतो, त्यामुळे नर बिचारे फसून आत पडतात. ‘कामगंध’ म्हणजे काय, असे मुलाने विचारल्यास कृषी सहायकांकडे पाठवावे. ते गुरुजींकडे पाठवतील.

जेमतेम सेंटिमीटरभर करडा-तपकिरी जीव पाहून पोरगं म्हणेल, “आबा, इतलाच?” तेव्हा खचू नये, त्याच्या लेकरांचे कर्तृत्व दाखवावे. गुलाबाच्या कळीसारखी मिटून बसलेली डोमकळी मुलाच्याच हाताने उकलावी. अळी आत असते. मग वरून ठणठणीत दिसणारे हिरवे बोंड फोडावे. आत सरकी पोखरलेली, रुई डागाळलेली. अळी शिरल्याचे भोक बुजून जाते, म्हणून कवडी हाती येईपर्यंत थोरांनाही पत्ता लागत नाही.

मोजणी मुलाकडेच द्यावी. सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ पतंग आले, की फवारणीचा विचार करायचा. वडिलांनी मोजल्यास आकडा दुकानदाराच्या सल्ल्याने वाढतो.

इतिहास मात्र जपून शिकवावा. २००६ साली दोन जनुकांचे बीटी बियाणे आले. अळीने ते पचवले आणि २०१७ च्या हंगामात राज्यभर पऱ्हाटी पोखरली. पाकिटाबरोबर मिळालेली नॉन-बीटीची पुडी कडेने लावायची होती, ती कुठे गेली, हा प्रश्न मुलांना सुचू देऊ नये.

उन्हाळ्याच्या सुटीतही पतंग हवा असेल, तर फरदड राखावी, पऱ्हाट्यांचा ढीग बांधावर रचून ठेवावा आणि विहिरीला पाणी आहे म्हणून मे महिन्यातच लागवड उरकावी. नको असेल, तर डिसेंबरअखेर शेत मोकळे करा, पऱ्हाट्या हलवा आणि १ जूनपूर्वी कापूस लावू नका.