नवशिक्यांसाठी बीबी क्रीम

आधी आरसा पुसून घ्या. अर्धे डाग तिथेच निघतात. उरलेल्यांसाठी बीबी क्रीम, म्हणजे 'ब्लेमिश बाम', डाग झाकणारा बाम.

आता कोरियन घ्यायचे की पाश्चात्य, हे ठरवा. ठरवताना कोरियावरून भांडू नका, कारण वस्तू मुळात जर्मन आहे. क्रिस्टीन श्रामेक या बाईंनी १९६०च्या दशकात ती केली. त्वचा सोलण्याच्या उपचारानंतर रुग्णाचा लालबुंद चेहरा झाकला जावा आणि निवावाही, एवढाच हेतू. पुढे हा बाम कोरियात गेला, २०००नंतर तिथे घरोघर पोचला आणि २०१२च्या सुमारास युरोप-अमेरिकेतल्या कंपन्यांनी तो कोरियन नवलाई म्हणून विकायला काढला. सासरहून आलेली लेक माहेरच्यांनी पाहुणी म्हणून बसवावी, तसे झाले.

नळी उलटी करून वाचा. 'मिशा' या कोरियन कंपनीच्या प्रसिद्ध क्रीमवर एसपीएफ ४२, पीए+++ असे छापलेले असते. पीए ही मोजणी जपानची. त्वचा काळवंडवणाऱ्या, सुरकुत्या आणणाऱ्या किरणांसाठी. अमेरिकन नळीवर अधिकची चिन्हे शोधू नका. तिथे सनस्क्रीन औषधात मोडते आणि नवे घटक मंजूर होता होता वर्षे जातात. शिवाय कोरियन क्रीम दाट, झाकणारे. पाश्चात्य बहुतेक वेळा पातळ, म्हणजे रंग घातलेले मॉइश्चरायझरच.

पण आकड्यांवर भाळू नका. एसपीएफ मोजताना प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम थर देतात. तेवढे बीबी तोंडाला थापलेत तर दशावतारात तुम्हाला विनातालीम काम मिळेल. म्हणून खाली साधे सनस्क्रीन लावायचे, त्यावर हे चिमूटभर. दोन्ही पंथांना हा नियम सारखाच लागू.

आता छटा. खरी परीक्षा इथे आहे. कोरियन दुकानात २१ आणि २३ हे दोन आकडे राज्य करतात; २१ उजळ, २३ त्याहून जरा गडद. मिशा २७ आणि ३१ही बनवते, म्हणून तिचे आभार. पाश्चात्यांनी सुरुवातीला लाइट-मीडियम आणि मीडियम-डीप अशा दोन खोक्यांत जग बसवले. आपल्याकडच्या लग्नाच्या बायोडेटात गोरी, निमगोरी, गहूवर्णी, सावळी असे याहून जास्त रंग असतात (आणि तेही बरेचदा खोटे). तेव्हा आकड्यावर विसंबू नका. क्रीम जबड्याच्या कडेला लावा, दुकानाबाहेर उजेडात या आणि दहा मिनिटे थांबा. काही क्रीम हवेने गडद होतात. चेहरा राखाडी दिसू लागला तर ते क्रीम कितीही गाजलेले असो, तुमचे नाही. ट्यूबलाइटखाली 'मॅडम, एकदम नॅचरल' म्हणणाऱ्या विक्रेतीला हसून नमस्कार करा.

लावायचे बोटांनी, थोपटत. रात्री आधी तेलकट क्लेन्झर, मग फेसवॉश. नुसत्या साबणाने ते पुरते निघत नाही.

निवाडा हवाच असेल तर: डाग झाकायचे असतील तर कोरियन, मुंबईच्या मे महिन्यात लोकलने जायचे असेल तर पातळ पाश्चात्य. आणि उघडलेली नळी कुठलाच दुकानदार परत घेत नाही, तेव्हा आधी नमुन्याची पुडी मागा.