मालेगावी गोल्फ-मैदानाची हिवाळी निगा

गोल्फच्या मैदानाची हिवाळी निगा मालेगावात सोयाबीनची शेवटची सुडी थ्रेशरमधून निघाली की सुरू करावी. गावात असे मैदानच नाही, ही सबब चालणार नाही. मैदान नसल्याने बिघडण्याजोगे काही उरत नाही, एवढाच त्याचा अर्थ. अवजारे मागवताना पत्त्यावर ‘जिल्हा वाशिम’ ठळक लिहावे. नाहीतर सामान नाशिककडच्या, यंत्रमागांच्या मालेगावात उतरते आणि परत येईस्तोवर उन्हाळा लागतो.

पहिला विषय गवताचा. उष्ण प्रदेशांतल्या गोल्फ-मैदानांवर ‘बर्म्युडा’ नावाचे गवत जिवापाड जपले जाते. त्याच्यासाठी खत, पाणी, यंत्रे आणि पगारी माणसे ठेवली जातात. बर्म्युडा म्हणजे हरळी; गणपतीला वाहतात ती दूर्वाही हीच. तालुक्यातला शेतकरी ती पिढ्यानपिढ्या मारत आला आहे आणि ती अजून मेलेली नाही, यावरून या जमिनीची योग्यता सिद्ध होते. खुरप्याने ढेकूळ उलटले की आत पांढरट, सुईच्या टोकाच्या काशा आडव्यातिडव्या गेलेल्या दिसतात. एखादे पेर मातीत राहिले तरी पाऊस पडताच फुटते. बाया काशा वेचून धुऱ्यावर फेकतात आणि त्यांतल्या काही धुऱ्यावरच मूळ धरतात. म्हणून लागवडीसाठी वेगळा खर्च करू नये. हरळीचे वावर निवडून त्यात चार पाळ्या वखर चालवावा. तुटलेले तुकडे वखराबरोबर सगळीकडे पोचतात. काम करणाऱ्याला हरळी काढायची आहे असेच सांगावे. वाढवायची आहे असे सांगितल्यास तो दुसऱ्या दिवशी येत नाही.

थंडीत हरळीची वाढ थांबते आणि ती पिवळी पडते. इतरत्र अशा वेळी वरून रायगवताचे बी फोकतात, म्हणजे हिवाळाभर हिरवे दिसते. मालेगावात रायगवताच्या जागी हरभरा पेरावा. तोही हिवाळाभर हिरवा राहतो, शिवाय भाव येतो. तोटा एकच: घाटे भरल्यावर हरवलेला चेंडू शोधायला धाडलेली पोरे चेंडू आणत नाहीत, डहाळे आणतात. विलायतेत गवतावर हिमकण धरले की मैदान बंद ठेवतात, कारण गोठलेल्या पात्यावर पाय पडला की ते काळे पडते. इकडे ती वेळ क्वचितच येते. दव मात्र झटकावे लागते, आणि हरभऱ्यावरची आंब धरायला रात्री कोणी धोतर पसरून ठेवले असेल तर ते मालकाला विचारल्याशिवाय उचलू नये.

कापणीसाठी यंत्र घेण्याची घाई नको. गवत कापायचे यंत्र इंग्लंडात 1830 च्या सुमारास निघाले; त्याआधी स्कॉटलंडची मैदाने मेंढ्या आणि सशांनीच राखली. हिवाळ्यात कळप घेऊन फिरणारे मेंढपाळ शोधून वावरात मेंढ्या बसवाव्यात. कापणी आणि खत एकाच मजुरीत होते.

मैदानाला हवा देणे हे हिवाळ्यातले खर्चिक काम समजतात. त्यासाठी यंत्राने हिरवळीला बोटाएवढी भोके पाडतात आणि वर वाळू पसरतात. सेंट अँड्र्यूजच्या मैदानाची निगा राखणारे टॉम मॉरिस (1821–1908) वाळूचे मोठे पुरस्कर्ते होते. त्यांनी वऱ्हाडची काळी माती पाहिली नव्हती. ही माती ओल उडाली की आपोआप फाटते. चेंडूचा व्यास किमान 42.67 मिलिमीटर असावा असा नियम आहे, तेव्हा भेग त्याहून रुंद झाली की तिची नोंद ठेवावी. खरे भोक 108 मिलिमीटरचे असते. फेब्रुवारीत भेगा आणि भोक यांत खेळाडूंचा गोंधळ होऊ लागतो. वाद वाढण्याआधी भोकात काठी आणि भेगेत मुरूम टाकावा.

शेवटच्या फटक्याची हिरवळ मात्र पाण्याअभावी इथे टिकत नाही. यावर हिंदुस्थानातल्या जुन्या मैदानांनी तोड काढली होती: वाळूत तेल कालवून, दाबून केलेला गुळगुळीत तपकिरी चौक. मालेगाव नागपूर–मुंबई रस्त्यावर असल्याने जळक्या ऑइलचा तुटवडा नाही, जमिनीला ते बाधते हा भाग वेगळा. खरी अडचण तूर सोंगल्यावर येते. दाबलेली, सपाट, मोकळी जागा दिसली की ते खळे असते, याबाबत तालुक्यात दुमत नाही. पहाटे चौक झाडून ठेवावा तर दहा वाजता त्यावर तूर पडलेली आढळते. मालकाशी भांडू नये. ताडपत्री आपण द्यावी, म्हणजे तुरीला ऑइलचा वास लागत नाही आणि कुटार भोकात जात नाही.

पाणी हिवाळ्यात बेताने द्यावे. जाणकार ते पहाटे द्यायला सांगतात, म्हणजे पाते फार वेळ ओले राहत नाही. मालेगावात कृषिपंपाची वीज ज्या पाळीत येते तीच शास्त्रोक्त वेळ समजावी. रात्रीची पाळी असल्यास तुषार संचाचे पाइप हलवायला जाणाऱ्याने बॅटरी, काठी आणि सोबती घ्यावा.

त्याच वेळी रानडुकरेही कामावर असतात. प्राण्याने उकरलेल्या खड्ड्यातून चेंडू विनादंड उचलण्याची मुभा नियम 16.1 देतो. एका रात्रीत एकरभर उकरले गेल्यास ही मुभा जवळजवळ सगळ्या मैदानाला लागू होते आणि सकाळचा खेळ चेंडू उचलण्यापुरताच उरतो. रोह्यांच्या पायांच्या ठशांना ही सवलत नाही.

रथसप्तमीला डव्ह्याला नाथनंगे महाराजांची यात्रा भरते. त्या दिवशी कामाला माणूस मिळत नाही. मैदान बंद असल्याची पाटी लावून निगा राखणाऱ्यानेही महाप्रसादाला जावे. त्यानंतर ऊन चढते, हरभरा सोंगायला येतो आणि हिवाळी कामे संपतात. झेंड्यांच्या काठ्या त्याआधी उपटून घरात ठेवाव्यात. वावरात राहिल्या तर त्या बुजगावण्याला लागतात, आणि पुढच्या हंगामात सदरा घातलेल्या काठीवरून भोक ओळखावे लागते.