घाई कुणाला आहे?

नाशिककर वर्षं मोजत नाही, बारा वर्षांनी येणारा सिंहस्थ कुंभमेळा मोजतो. रस्ता कधी रुंद झाला? मागच्या सिंहस्थात. पूल कधी होणार? पुढच्या. आरोग्य खात्यानंही हेच माप उचललेलं दिसतं.

1998 साली दोन गोष्टी घडल्या. अमेरिकेत सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या प्रौढ रुग्णांसाठी हायड्रॉक्सियुरिया या औषधाला मान्यता मिळाली आणि नाशकात महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झालं. राज्यभरचे भावी डॉक्टर ज्याच्या परीक्षांना घाम गाळतात, ते विद्यापीठ म्हसरूळला, दिंडोरी रस्त्यावर. हाच रस्ता पुढे वणीवरून सुरगाण्याकडे, सिकलसेलचे रुग्ण असलेल्या आदिवासी पट्ट्याकडे जातो. म्हणजे औषध आलं, विद्यापीठ आलं, रस्ता तर होताच. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम मात्र सुरू झाली 1 जुलै 2023 ला. (राज्याचा कार्यक्रम त्याआधीपासून होता, फायलीवर अन्याय नको.) मधल्या काळात 2003 आणि 2015 चे सिंहस्थ उरकले. साधू तेवढे वेळेवर आले.

मोहिमेचं उद्दिष्ट 2047 चं. म्हणजे आणखी दोन सिंहस्थ. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून रक्तवाहिन्यांत अडकल्या, की हाडं रात्रभर ठणकतात. पाड्यावरच्या पोरानं तेवढा धीर धरावा.

विज्ञानाला ही शिस्त नाही. डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेनं सिकलसेलवर जनुकं कापून बदल करणाऱ्या उपचाराला परवानगी देऊन टाकली. किंमत 22 लाख डॉलर, तेव्हाच्या दरानं सुमारे 18 कोटी रुपये. आपल्याकडे महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं 5 लाखांचं कवच आहेच. उरलेले 17 कोटी 95 लाख तेवढे रुग्णानं भरावेत. नोव्हेंबर 2025 मध्ये देशी जनुकोपचारही जाहीर झाला. नाव आदिवासी नायकाचं, ‘बिरसा 101’; उत्पादनाची जबाबदारी पुण्याच्या सीरमकडे. पाड्यावर उपचाराआधी नाव पोचेल, हीही प्रगतीच.

तोवर ते 1998 चं औषध आहे. त्याला जनुकांची कात्री लागत नाही, मंत्र्यांचा हार लागत नाही. कॅप्सूल रोज घ्यायची आणि ठरावीक दिवसांनी रक्तातल्या पेशी मोजून घ्यायच्या. त्यासाठी पाड्याजवळच्या केंद्रात औषधाचा साठा, चालू यंत्र आणि लॅब टेक्निशियन हवा. जनुकं सावकाश दुरुस्त करा, साहेब. आधी ही जागा भरा.