नायिका डोक्यात गेली तरी कादंबरी कशी संपवावी

हलकीफुलकी प्रेमकथा हाती घेतली आणि पाचव्याच पानावर नायिकेला दोन शब्द सुनवावेसे वाटले, तर घाबरू नये. पुस्तक बिघडलेलं नाही. पुढील सूचना पाळाव्यात.

प्रथम पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालावं. ज्या नगरच्या किल्ल्यात कैदेत असताना नेहरूंनी १९४४ मध्ये ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं, त्या शहरात चारचौघांत प्रेमकथा वाचताना संकोच होणारच. जिल्हा वाचनालय १८३८ चं, म्हणजे असे संकोच त्यानं पुष्कळ पाहिले असतील. पण वाचनकक्षात बसू नये. दर दोन पानांना आपण ‘अगं बाई!’ म्हणतो आणि समोरची स्पर्धा परीक्षेची पोरं मान वर करून बघतात.

उत्तम जागा म्हणजे कर्जतच्या एसटीतली खिडकी. कर्जत म्हणजे आपल्या नगर जिल्ह्यातलं. लोकल जाते ते नव्हे. मराठी प्रेमकथेला इस्त्री करून देणारे ना. सी. फडके १८९४ मध्ये इथंच जन्मले. कादंबरी कशी रचावी हे त्यांनी १९३१ च्या ‘प्रतिभासाधन’मध्ये सांगून ठेवलं. वाचणाऱ्यानं ती कशी सोसावी, हे मात्र आमच्यावर सोडलं.

आता नायिका. ती हेकट असते, श्रीमंत असते आणि नायकाला पहिल्या भेटीत ड्रायव्हर समजते. पुढं ती त्याला हॉटेलात एका मुलीबरोबर पाहते आणि सत्तर पानं अबोला धरते. ती मुलगी त्याची मावसबहीण असते. प्रेमकथेत नायकासमोर बसून आइस्क्रीम खाणारी अनोळखी मुलगी मावसबहीणच असते, हे आपल्याला कळतं. हिला कळत नाही. इथं पुस्तक आपटावंसं वाटेल. आपटू नये, वाचनालयाचं आहे. उलट नायकाकडे जरा निरखून बघावं. ‘ही माझी मावसबहीण’ एवढे तीन शब्द बोलायचे सोडून हा गडी पावसात भिजत उभा! सगळा राग एकटीवर काढणं बरं नाही.

ती सुधारेल, शेवटी गोरगरिबांसाठी शाळा काढेल, अशी आशा बाळगू नये. कला कलेसाठीच, असं फडके हयातभर भांडून सांगत होते. शाळाच हवी असेल तर शेजारच्या फळीवर ‘जीवनासाठी कला’वाले खांडेकर आहेत.

घरी वाचत असाल तर ‘काय हट्टी बाई आहे!’ असं मोठ्यानं म्हणू नये. आपण पुस्तकातलीबद्दल बोलत होतो, हे बायकोला पटवण्यात आमचा एक अख्खा रविवार गेला. (पटलेलं नाही.)

समासात पेन्सिलीनं ‘मूर्ख आहे ही’ असं लिहिण्याचा मोह होईल. आधी नीट बघावं. बहुधा कुणीतरी लिहून गेलेलं असतं आणि त्याखाली दुसऱ्या अक्षरात ‘तुमच्यापेक्षा बरी’ असंही.

एसटीत असाल तर वाटेतलं मिरजगाव मागं पडेपर्यंत अबोला सुटायला हवा. न सुटल्यास वाचनाचा वेग वाढवावा. तरीही कर्जतचा स्टँड आला, कंडक्टरनं ‘चला, कर्जतवाले’ म्हटलं आणि नायिका अजून गच्चीवर रुसून बसलेलीच असेल, तर जागा सोडू नये. पुस्तकातून मान न काढता सुटे पैसे पुढं करावेत आणि पुढच्या राशीनचं तिकीट मागावं.