कार्पेट मिनिटं

डोंबिवलीत भाड्याचं घर शोधू लागलं की पहिला साक्षात्कार होतो तो हा, की या शहरात स्टेशनपासून लांब असं घरच नाही. मानपाडा रोडवरचं घर 'स्टेशनपासून पाच मिनिटं' असतं, आणि एमआयडीसीतलं 'पाच, फार तर सहा'.

ही मिनिटं खोटी नसतात, एजंटची असतात. ती दुपारी तीन वाजता त्याच्या स्कूटरवर मोजलेली असतात आणि रेल्वेच्या पुलाच्या पहिल्या पायरीशी संपतात. पुढे पूल चढणं, पुलावर तुंबून राहणं आणि फास्टच्या फलाटावर उतरणं ही कामं रेल्वेच्या हद्दीत येतात. तिथली जबाबदारी एजंट घेत नाही.

चौरस फुटांचा असाच घोळ होता. जिना, लॉबी आणि लिफ्ट घरातच मोजून बिल्डर फ्लॅट फुगवायचे आणि त्याला 'सुपर बिल्टअप' म्हणायचे. 2016 च्या रेरा कायद्याने कार्पेट एरियाची व्याख्या केली आणि विक्रीपुरती तरी ती हवा काढली. वेळेकडे मात्र कुणाचं लक्ष गेलं नाही. फूट फुगवायचे आणि मिनिटं आटवायची, हा धंद्याचा नियम अजून शाबूत आहे.

आटवलेल्या मिनिटांना भाव चांगला येतो. स्टेशनजवळचं म्हणून भाडं चढं, त्याच्या पटीत डिपॉझिट आणि वर महिन्याभराच्या भाड्याइतकी दलाली. करार 11 महिन्यांचा, म्हणजे नूतनीकरणाच्या नावाने एजंटला पुन्हा आठवण यायची सोय. मग सोसायटीची कमिटी मुलाखत घेते: लग्न झालंय का, नोकरी कुठे, पाहुणे किती येतात. भाडेकरू ठेवला म्हणून सोसायटीने घ्यायचा आकार सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त नसावा, असं सरकारने 2001 साली ठरवून दिलं. तो भरायचा मालकाने. निघतो भाडेकरूच्या खिशातून.

एवढं करून भाडेकरू सकाळी खरोखर लवकर फलाटावर पोचतो आणि कल्याणहून भरून आलेली गाडी बघत उभा राहतो. दोन गाड्या सोडल्यावर त्याला शहाणपण सुचतं: उलट्या दिशेची गाडी पकडून कल्याणला जायचं आणि ती पलटली की बसून यायचं. म्हणजे जादा भाडं मोजलं ते ऑफिसच्या विरुद्ध दिशेला लवकर निघता यावं म्हणून! एजंटपुढे हे गाऱ्हाणं मांडलं तर तो लगेच म्हणतो, "मग कल्याणलाच बघू की, साहेब!" दलाली अर्थातच वेगळी.

तेव्हा सरकारने 'कार्पेट मिनिट' ठरवून द्यावं, अशी आमची नम्र सूचना आहे. मोजणी जुलैतल्या सोमवारी, सकाळी आठ ते नऊ या वेळात व्हावी. सुरुवात घराच्या कुलपापासून, शेवट दोन्ही पाय डब्यात टेकल्यावर. एक पाय धरला जाणार नाही. पाठीवर बॅग, एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात छत्री सक्तीची. मोजणी एजंटने जातीने करावी. गाडी चुकली तर दलाली रद्द. मिळालीच, तर दिव्याला थांबणारी फास्ट धरून त्याने दिव्याला उतरून दाखवावं. उतरला, तर आम्ही दोन महिन्यांची दलाली द्यायला तयार आहोत.