राखणदाराला सक्तीची रजा

म्हापशात हल्ली मुलांना निजवायचं काम मोबाईलमधल्या एकशिंगी घोड्याकडे गेलं आहे. घोडा गुलाबी, बोलणं मवाळ. गोष्टीत कुणी हरवत नाही, उपाशी राहत नाही. आईबाप निर्धास्त, मूल मात्र टक्क जागं, कारण पुढचा भाग आपोआप सुरू होतो.

चिऊ-काऊचीही डागडुजी चालू आहे. भिजलेल्या कावळ्याला दाराबाहेर ताटकळत ठेवणं बालमनाला बरं नव्हे म्हणे. चिऊताईनं पहिल्याच हाकेला दार उघडावं. उघडलं, की गोष्ट संपली! पोरांना हवी असते ती नेमकी ती ताटकळ.

खरी पंचाईत बोडगेश्वराची. म्हापशाचा राखणदार, हातात दांडा; रात्री फिरून गाव राखतो अशी श्रद्धा. पौषातल्या जत्रेत हेच आईबाप मुलाला खांद्यावर घेऊन त्याच्या पाया पडतात, येताना खाजं घेतात. घरी निजताना मात्र त्याचं नाव काढायचं नाही, मूल घाबरेल! पेडणे-डिचोलीकडच्या आज्या सांगत, राखणदाराच्या वहाणा रात्रभर चालून झिजतात, म्हणून भक्त नव्या वाहतात. आपल्यासाठी कुणी पायपीट करतंय, हे ऐकून पोरं बिनघोर घोरायची.

आता त्याच घरांनी सोसायटीच्या फाटकावर रात्रपाळीचा वॉचमन ठेवला आहे. तो खुर्चीत डुलक्या काढतो. त्याच्या चपला वर्षानुवर्षं नव्याकोऱ्या.