चमच्यातले शीर्षासन

सपाट आरसा स्वभावाने अत्यंत नीरस असतो. समोर जे उभे राहील त्याची तेवढ्याच आकाराची, तेवढ्याच अंतरावरची प्रतिमा तो निमूटपणे देतो, आणि त्याच्यावर विसंबूनच मानवजातीने स्वतःच्या रूपाविषयीचे बरेचसे गैरसमज जोपासले आहेत. पृष्ठभागाला बाक आला की हा निमूटपणा संपतो, आणि त्याचा पुरावा जेवणाच्या ताटाशेजारीच पडलेला असतो. स्टीलच्या चमच्याची आतली बाजू हा अंतर्वक्र, म्हणजे आत वळलेला आरसा होय. त्यात पाहणारा गृहस्थ कितीही प्रतिष्ठित असला तरी शीर्षासनात दिसतो, आणि चमचा पालथा केला की बहिर्वक्र बाजूत तोच सुलटा परंतु चिमुकला होतो. शिवाय चमचा आडवा अधिक आणि उभा कमी वाकलेला असल्यामुळे, पालथा चमचा उभा धरल्यास चेहरा लांबोडा व आडवा धरल्यास पसरट दिसतो, म्हणजे नाराज होण्यासाठीही निवडीला वाव राहतो.

मुख्य अक्षाला, म्हणजे आरशाच्या मध्यातून व त्याच्या वक्रताकेंद्रातून जाणाऱ्या रेषेला, समांतर येणारे किरण अंतर्वक्र आरशावरून परतताना ज्या बिंदूत एकत्र येतात त्यास नाभी म्हणतात. आरसा ज्या गोलाचा तुकडा असतो त्याच्या त्रिज्येच्या निम्म्या अंतरावर ती असते. चमच्याची नाभी त्याच्यापासून जेमतेम एक-दोन सेंटीमीटरवर असल्याने चेहरा नेहमीच तिच्या पलीकडे राहतो आणि कपाळाचे किरण खाली, हनुवटीचे वर, अशी अदलाबदल होते. ही प्रतिमा प्रत्यक्ष किरण एकत्र येऊन बनते व पडद्यावर धरता येते, म्हणून ती वास्तव; याउलट आरशाच्या पाठीमागे, जेथे एकही किरण पोहोचत नाही, तेथे भासणारी प्रतिमा आभासी. म्हणजे एकाच आरशापुरते पाहिले तर उलटा माणूस वास्तव आणि सुलटा आभासी, हा शास्त्राचा निर्णय असून त्यावर अपील नाही.

दाढीचा आरसा या बाबतीत अधिक मुत्सद्दी आहे. नाभीय अंतर ६० सेंटीमीटर असलेल्या आरशासमोर चेहरा ३० सेंटीमीटरवर धरला, तर दुप्पट मोठी, सुलटी, आभासी प्रतिमा आरशामागे ६० सेंटीमीटरवर मिळते, आणि एरवी दुर्लक्षित राहिलेला एकेक खुंट ठळकपणे हजेरी लावतो. वस्तू नेमकी नाभीवर ठेवल्यास प्रतिमा अनंत अंतरावर मिळते असे विद्यार्थी उत्तरपत्रिकेत शांतपणे लिहितो, आणि विश्वाच्या पलीकडे गेलेल्या त्या प्रतिमेबद्दल परीक्षक तितक्याच शांतपणे गुण देतो.

भिंगात परावर्तनाऐवजी अपवर्तन, म्हणजे माध्यम बदलताना किरणाचे वाकणे, घडते. बाकीची उलटापालट तीच. डोळ्यातील बहिर्गोल भिंगही दृष्टिपटलावर उलटीच प्रतिमा पाडते हे योहानेस केपलरने १६०४ मध्ये दाखवले, आणि मग जग सुलटे कसे दिसते हा प्रश्न त्याने तत्त्वज्ञांवर सोडून दिला, जे व्यवहारचातुर्य थोर शास्त्रज्ञांतही क्वचितच आढळते. वयपरत्वे हे भिंग ताठर होते, वर्तमानपत्र दूर दूर सरकू लागते, आणि हात अपुरे पडल्यावर माणूस चाळिशी लावण्यास राजी होतो. अधिक दोन नंबर म्हणजे नाभीय अंतर अर्धा मीटर, कारण भिंगाची शक्ती म्हणजे मीटरमधील नाभीय अंतराचा व्यस्त.

अर्धे भिंग झाकले तर प्रतिमाही अर्धीच उरेल, अशी सुशिक्षितांचीही खात्री असते. शंका असणाऱ्याने अधिक दोन नंबरचा चष्मा खिडकीसमोरच्या भिंतीपासून अर्ध्या मीटरहून किंचित दूर धरावा, भिंतीवर खिडकीची उलटी प्रतिमा आली की एका काचेचा अर्धा भाग बोटाने झाकावा, आणि पाहावे: खिडकी संपूर्ण दिसते, फक्त उजेड कमी होतो.